मामंजींना बिनचष्म्याचा पेपर दिसू लागला!

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावात राहते. घरात मामंजी (वय 68), आत्याबाई, आमचे हे, मी आणि सहावीतला मुलगा. मामंजींना 11 वर्षांपासून शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. गेल्या दिवाळीपासून एक नवलच झालं. वीस वर्षं चाळिशी लावणारा माणूस बिनचष्म्याचा पेपर वाचायला लागला! आत्याबाई म्हणतात, मी रोज गाईच्या तुपाचं बोट लावते त्याचा गुण. पण रात्री गाडीवर मागे बसले की समोरच्या गाडीचे दिवे फुटल्यासारखे दिसतात म्हणतात, आणि परवा बांधावरून येणारा स्वतःचा भाऊ त्यांना ओळखू आला नाही. गावात शिबिर झालं तेव्हा मोतीबिंदू सांगितला. मामंजी म्हणतात, "अजून पिकला नाही, पिकू दे. आणि उन्हाळ्यात डोळा कापत नाहीत." मुलाचा नंबर वर्षात सव्वावरून अडीच झाला. तो सारखा डोळे चोळतो. आत्याबाई त्याला चष्मा लावू देत नाहीत, लावला तर नंबर वाढतो म्हणतात. मोबाईलमुळेच झालं असेल ना? माझं वय 43. सुईत दोरा ओवता येईना म्हणून बाजारात दीडशे रुपयांचा चष्मा घेतला, त्यानं छान दिसतं. म्हणजे माझं काही नाही. पण या दोघांचं काय करू?
— एक सून

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य वाचून मी जरा थांबले. "माझं काही नाही." त्याच्याकडे येतेच, पण आधी मामंजी.

बिनचष्म्याचा पेपर दिसायला लागला, ही आनंदाची बातमी नाही. तुपाचा त्यात हातही नाही. डोळ्यातलं भिंग वयानुसार पिवळं, घट्ट होत जातं. मधला गाभा घट्ट झाला की भिंगाची ताकद वाढते आणि डोळ्याला उणे नंबर येतो. उणे नंबरवाल्याला जवळचं बिनचष्म्याचं दिसतं आणि लांबचं धूसर. मामंजींचं तेच झालंय: पेपर दिसतो, बांधावरचा भाऊ दिसत नाही. समोरचे दिवे फुटतात तेही त्या गढूळ भिंगामुळेच, उजेड सरळ आत न जाता विखुरतो. शिबिरात ज्यांनी मोतीबिंदू सांगितला त्यांनी बरोबर सांगितलं. आणखी काही महिन्यांनी पेपरही दिसेनासा होईल, आणि मग घरात म्हणतील की तुपाचं बोट चुकलं म्हणून झालं.

आता "पिकू दे". हे मामंजींच्या मनचं नाही, त्यांच्या वडिलांच्या काळात डॉक्टरच असं सांगायचे. तेव्हा भिंग काढायला बुबुळाच्या कडेनं मोठी चीर द्यावी लागे, टाके पडत. भिंग कच्चं असलं तर त्याचा चिकट भाग आत राहून जाई. शिवाय काढलेल्या भिंगाच्या जागी काहीच बसवत नसत. माणसाला अधिक दहाचा, सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा लागे. एका डोळ्याला असा चष्मा आणि दुसरा डोळा अजून चांगला, तर दोन्हींची चित्रं एकमेकांशी जुळत नसत. म्हणून दोन्ही डोळे पुरते जाईपर्यंत थांबायची पद्धत पडली. ती त्या काळाला धरून शहाणपणाची होती.

मग 1949 मध्ये लंडनच्या हॅरॉल्ड रिडली नावाच्या सर्जननी पहिल्यांदा डोळ्यात कृत्रिम भिंग बसवलं. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेचे, म्हणजे पर्स्पेक्स प्लॅस्टिकचे, तुकडे शिरले होते आणि डोळ्यानं ते निमूट सहन केले होते, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. आज आपण जे "लेन्स टाकली" म्हणतो त्याची सुरुवात तिथली. आता फेको पद्धतीत अडीच-तीन मिलिमीटरची चीर पुरते, आतलं भिंग ध्वनिलहरींनी फोडून ओढून घेतात आणि घडी केलेली लेन्स त्याच चिरेतून आत जाऊन उलगडते. यात गंमत अशी की जुना हिशोब बरोब्बर उलटा झालाय. मोतीबिंदू जितका पिकेल तितका दगडासारखा कडक होतो, फोडायला जास्त शक्ती लागते आणि बुबुळाच्या आतल्या नाजूक पेशींना त्याचा त्रास होतो. फार पिकलेला मोतीबिंदू फुगून किंवा पाझरून डोळ्यातला दाबही वाढवू शकतो. रात्री अचानक डोळा ठणकतो, लाल होतो, उलट्या होतात. मामंजींना सांगा, हा काही आंबा नव्हे.

उन्हाळ्याचंही तेच. टाक्यांच्या काळात घाम, धूळ आणि जखम चिघळायची भीती होती. आज बाराही महिने ऑपरेशन होतं.

पण ताई, मामंजींच्या बाबतीत मला घाई आहे ती वेगळ्याच कारणासाठी. अकरा वर्षांची शुगर. त्यांचा डोळ्याचा पडदा, म्हणजे डोळ्याच्या आत मागे जिथे चित्र उमटतं तो भाग, कुणी कधी पाहिलाय का? तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही, म्हणजे बहुधा नाही. शुगरमुळे पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या पाझरतात, फुटतात, नको तिथे नव्या उगवतात. सुरुवातीला काही म्हणजे काही कळत नाही. तक्त्यावरची शेवटची ओळ खडाखडा वाचणाऱ्या माणसाचा पडदा खराब असू शकतो. म्हणून शुगर असलेल्या माणसानं नजर कशीही असली तरी वर्षातून एकदा बाहुली मोठी करायचे थेंब घालून पडदा तपासून घ्यायचा. आणि मोतीबिंदू घट्ट झाला की दार बंद झाल्यासारखं होतं, डॉक्टरला बाहेरून आतला पडदा दिसतच नाही. पडद्याला सूज असेल तर आधी तिच्यावर उपचार, इंजेक्शन किंवा लेझर, आणि मग मोतीबिंदू, असाही क्रम लावावा लागतो. नाहीतर ऑपरेशन उत्तम होऊनही माणूस म्हणतो, "दिसत तर नाहीच!", आणि शिव्या सर्जनला.

थेंब घातल्यावर तीन-चार तास जवळचं धूसर दिसतं, उजेड खुपतो. त्यामुळे त्या दिवशी मामंजींनी मोटारसायकल चालवायची नाही, कुणीतरी सोबत जा. जाताना त्यांच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, नुसतं "शुगरची आहे" असं सांगू नका. या वयात पुष्कळ पुरुषांना लघवीसाठी टॅम्सुलोसिन नावाची गोळी असते आणि घरात त्याची वाच्यता नसते. ती घेणाऱ्याची बाहुली ऑपरेशनमध्ये नीट मोठी होत नाही आणि बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा ढिल्या कापडासारखा फडफडतो. सर्जनला आधी माहीत असेल तर तो तयारीनं उतरतो. रक्त पातळ करायची गोळी असेल तर तीही सांगा, आपल्या मनानं बंद करू नका.

लेन्सबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण दवाखान्यात गेल्यावर तुमच्यापुढे दरपत्रक येईल. साधी एककेंद्री लेन्स शेतकऱ्याला अगदी पुरेशी असते. लांबचं चांगलं दिसतं, वाचायला चाळिशी लागते. लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणाऱ्या महागड्या बहुकेंद्री लेन्समध्ये रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात, आणि पडद्याला शुगरचा त्रास असेल तर ती बहुधा टाळतात. जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी योजनेतून चालणाऱ्या धर्मादाय नेत्रालयांत मोतीबिंदूचं ऑपरेशन लेन्ससकट मोफत होतं. तिथे कधी फेकोऐवजी छोट्या चिरेचं, बिनटाक्याचं ऑपरेशन करतात. ते हलक्या दर्जाचं नाही, कडक मोतीबिंदूत तर कैक सर्जन मुद्दाम तेच निवडतात. फक्त नंतरचे थेंब वेळेवर घाला, डोळ्याला पाणी लागू देऊ नका, आणि गोठ्यात, मळ्यात, धुळीत डॉक्टर सांगतील तेवढे दिवस पाठवू नका. या शेवटच्या गोष्टीसाठी तुम्हाला भांडावं लागणार, हे मला आत्ताच दिसतंय.

आता तुमचं "माझं काही नाही".

चाळिशी ही आपल्या भाषेतली किती प्रामाणिक गोष्ट आहे पाहा. वयाचं, तक्रारीचं आणि चष्म्याचं नाव एकच. चाळिशीच्या आसपास भिंगाची लवचिकता इतकी कमी होते की जवळचं पाहायला ते हवं तेवढं फुगत नाही. मग सुई लांब धरायची, हात पुरेनासा झाला की चष्मा. रोग नाही तो. दीडशे रुपयांच्या तयार चष्म्यानं डोळे बिघडत नाहीत. दोन्ही डोळ्यांचा नंबर वेगळा असेल किंवा तिरका नंबर असेल तर डोकं दुखेल, इतकंच. माझी तक्रार त्या चष्म्याशी नाही. छान दिसायला लागलं म्हणजे डोळे तपासून झाले, हे जे तुम्हाला वाटलं, त्याच्याशी आहे.

यात मी स्वतः पोळले आहे. माझे वडील, आमचे दादा, प्राथमिक शिक्षक. निवृत्तीनंतर "उजेड कमी पडतो" म्हणायला लागले. घरात बल्ब बदलले. दोन वर्षांत तालुक्याच्या दुकानातून तीन चष्मे करून झाले. दर वेळी तक्ता बऱ्यापैकी वाचायचे, दुकानदार पाव नंबर इकडचा तिकडे करून द्यायचा. मी तेव्हा पुण्यात, डोळ्यांचंच शिकत होते. दिवाळीला घरी गेले तर दादा माजघराच्या चौकटीला उजवा खांदा आपटून आत आले, आणि हे रोजचंच असल्यासारखं कुणी वरही पाहिलं नाही. जिन्याची शेवटची पायरीही हुकायची म्हणे. मी त्यांना समोर बसवलं, म्हटलं, माझ्या नाकाकडे बघा, एक डोळा झाका, आणि कडेनं बोट येताना दिसलं की सांगा. बोट आणत गेले, आणत गेले. मला ते केव्हाच दिसत होतं. त्यांच्या गालापर्यंत आलं तेव्हा म्हणाले, "हां, आता दिसलं."

काचबिंदू. डोळ्यातला दाब साधारण 10 ते 21 मिलिमीटर पारा एवढा असतो. तो वाढला, किंवा काहींच्या बाबतीत तेवढाच असूनही, डोळ्यामागची नस झिजत जाते. आधी कडेची नजर जाते आणि मधली शेवटपर्यंत राहते, म्हणून तक्ता वाचता येतो आणि पायरी हुकते. बहुतेक वेळा दुखत नाही, लाल होत नाही. मोतीबिंदूनं गेलेली नजर ऑपरेशननं परत येते, काचबिंदूनं गेलेली परत येत नाही. उरलेली तेवढी थेंबांनी सांभाळायची, जन्मभर. दादांची आम्ही सांभाळली. पण त्या तीन चष्म्यांच्या दोन वर्षांत जी गेली, ती गेलीच.

चष्म्याच्या दुकानात तुमचा नंबर काढतात. डोळ्याचा दाब, नस, पडदा तिथे कुणी पाहत नाही, पाहायचं त्यांचं कामही नाही. तेव्हा ताई, मामंजींना न्याल त्याच दिवशी तुमचाही केसपेपर काढा. चाळिशी पार केलेल्या प्रत्येकानं एकदा तरी हे करावं, आणि घरात कुणाला काचबिंदू असेल तर त्यांच्या भावंडांनी आणि मुलांनी नक्कीच. माझा दाब मी दरवर्षी मोजून घेते. आणि मामंजींची शुगर फार वर-खाली होत असेल तर त्या दिवसांत त्यांचा नवा चष्मा करू नका. शुगर चढली की भिंग फुगतं, नंबर बदलतो. ती आटोक्यात आली की तोच चष्मा निरुपयोगी. चार पैसे फुकट.

मुलाची गोष्ट जरा वेगळी आहे. तिथे आत्याबाईंना दुखवायला लागेल.

चष्मा लावल्यानं नंबर वाढत नाही. वाढतो तो डोळा लांबट होत गेल्यामुळे. मोठ्या माणसाचा डोळा मागेपुढे साधारण 24 मिलिमीटर असतो. तो एक मिलिमीटर जास्त वाढला तर अडीच-तीन नंबर येतो. मूल वाढतंय, डोळाही वाढतोय, म्हणून चष्मा लागल्यावर काही वर्षं नंबर वाढत जातो. लोक म्हणतात, चष्मा लागला आणि वाढला! चष्मा न लावता ठेवलं तर नंबर थांबत नाही, फक्त पोराला फळ्यावरचं दिसत नाही आणि बाई म्हणतात लक्ष नाही. त्याला पूर्ण नंबरचा चष्मा द्या, फायबर किंवा पॉलिकार्बोनेटच्या काचांचा. खेळताना फुटून डोळ्यात जायला नको.

आणि नंबर डॉक्टरकडेच, थेंब घालून तपासा. लहान मुलं तपासताना नकळत डोळे ताणतात आणि नंबर खोटा जास्त निघतो. वर्षात सव्वानं वाढला हे थोडं नाही. अशा मुलांना हल्ली अगदी सौम्य ॲट्रोपिनचे, 0.01 टक्क्यांच्या आसपासचे, थेंब रात्री देतात किंवा वेगळ्या घडणीच्या काचा देतात. त्यानं वाढीचा वेग कमी होऊ शकतो, असलेला नंबर उतरत नाही. द्यायचे की नाही ते तपासून ठरेल.

मोबाईलमुळेच का? अर्धं खरं. स्क्रीनच्या उजेडानं डोळा लांबत नाही. नाकासमोर वीतभर अंतरावर तासन् तास पाहणं आणि त्यापायी अंगणात न जाणं, हा खरा दोष. तो पुस्तक तसंच धरून बसला तरी तेच. दिवसाच्या उजेडात रोज दीड-दोन तास बाहेर असणाऱ्या मुलांना चष्मा लागायचं प्रमाण कमी दिसतं, हे पुष्कळ अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळलंय. तुमच्याकडे तर मळा आहे. शाळेतून आला की क्लासला न धाडता आजोबांबरोबर पाठवा, आजोबांचा डोळा बरा झाल्यावर तर दोघांचंही भलं. चष्म्याच्या दुकानात "ब्ल्यू कट" काचेचे वरचे पैसे मागतील. त्यानं नंबर थांबतो किंवा डोळ्यांचा थकवा जातो असा भरवशाचा पुरावा नाही, मी तरी ते पैसे दिले नसते.

डोळे चोळणं मात्र नंबराहून जास्त काळजीचं वाटतं मला. बहुधा ॲलर्जीची खाज आहे. सतत जोरात चोळून चोळून काही मुलांचं बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढे येतं, त्याला केरॅटोकोनस म्हणतात, आणि मग चष्म्यानंही नीट दिसत नाही. नंबर झपाट्यानं बदलतोय आणि पोर चोळतंय, या दोन गोष्टी डॉक्टरांना एकत्रच सांगा. तोवर गार पाण्याच्या घड्या ठेवा. मेडिकलमधून "खाजेचे थेंब" आणू नका. त्यांत बरेचदा स्टेरॉइड असतं. एका दिवसात आराम पडतो, म्हणून घरात ती बाटली महिनोन् महिने फिरते, आणि त्यातून काचबिंदू आणि मोतीबिंदू दोन्ही होऊ शकतात, अगदी मुलांनाही.

ऊसपट्ट्यात राहता म्हणून हेही सांगते. तोडणीत, पाचट ओढताना पाल्याचं पातं डोळ्याला लागतं. धार बारीक असते, बुबुळावर ओरखडा उठतो आणि त्यातून बुरशी आत शिरू शकते. अशा डोळ्यात तेच स्टेरॉइडचे थेंब पडले तर बुरशीला रान मोकळं मिळतं, आणि आठ-पंधरा दिवसांत डोळ्यात कायमचं पांढरं फूल पडतं. मध, तूप, गुलाबपाणी, आईचं दूध, पदराचा बोळा करून वाफ देणं, यातलं काहीही त्या डोळ्याला नको. स्वच्छ पाण्यानं धुवा, चोळू नका, आणि दुसऱ्या दिवशी खुपत असेल तर थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे. आत्याबाईंना तूप पोळीवर लावू द्या.

आणि तंबाखूच्या चुन्याची ती प्लॅस्टिकची ट्यूब! घरी कुणाकडे असेल तर उंचावर ठेवा. लहान मुलं ती दाबून बघतात, पिचकारी सरळ डोळ्यात जाते. चुन्यानं बुबुळ भाजतं. तिथे दवाखाना गाठायची घाई आधी करायची नाही. आधी नळाखाली किंवा तांब्यानं डोळ्यात पाणी ओतत राहायचं, पापण्या उघड्या धरून, घड्याळ लावून वीस-तीस मिनिटं, पोर कितीही रडलं तरी. मग गाडी काढायची.

मामंजींनी कधी म्हटलं की डोळ्यापुढे अचानक काळे ठिपके खूप वाढले, वीज चमकल्यासारखं होतं, किंवा एका बाजूनं पडदा ओढल्यासारखं वाटतं, तर सकाळची वाट पाहू नका. पडदा सुटत असू शकतो. लाल होऊन ठणकणारा आणि उलट्या आणणारा डोळा, तोही त्याच रात्री दाखवायचा.

घरच्या घरी एक करून पाहा. भिंतीवरच्या कॅलेंडरपासून दहा फुटांवर मामंजींना बसवा आणि तळव्यानं, डोळा न दाबता, एकेक डोळा झाकून तारखा वाचायला सांगा. दोन्ही उघडे असले की चांगला डोळा वाईटाला झाकून घेतो, म्हणून घरात कुणाला पत्ता लागत नाही. एका डोळ्यानं तारखा अडखळल्या की ते स्वतःच विचारतील, ऑपरेशनला किती दिवस लागतात. तेव्हा सांगा की आधी पडदा बघायचा आहे, आणि कारखान्याची ऊसतोडणीची टोळी शिवारात यायच्या आत हे सगळं उरकून घेऊ.